बुटकं भात

अडुसष्ट साली कडावच्या नागूने ग्रामसेवकाचं ऐकून सगळ्या खाचरांत नवं बुटकं भात लावलं. भात दुपटीने पिकलं, तेवढं श्रेय ग्रामसेवकाच्या पदरात टाकलंच पाहिजे. पण कापणीला बसल्यावर कळलं, की काडी गुडघ्याच्या वर जात नाही. दरवर्षी भाताच्याच काडीला पीळ देऊन भारे बांधायचे. या काडीचा बंध भाऱ्याला वेढाच घालीना.

"दाणं पोत्यात गेलं, पन उन्हाळाभर म्हशीनं काय खायचं?" अंबूबाई नवऱ्यावर कावली. घरातलं तेलमीठ तिच्या दुधावर चालायचं. पेंढा नाही, तर दूध नाही.

नागू म्हणाला, "साहेब काडीचं काय बोलला नाय गं."

"साहेबाच्या दारात म्हस हाय का?"

शेवटी ती धाकट्या जावेकडे गेली. गोदूबाईने जुनं उंच भात लावलं, म्हणून लावणीत हिनेच तिला हसून घेतलं होतं. आता तिच्या अंगणात पेंढ्याची उडवी घराएवढी झाली होती.

"या, बाई! दुप्पट पिकवाल्या आल्या," गोदूबाई म्हणाली. "भाताचं पोतं ठेवा आनि गाडीभर पेंढा न्या."

पोतं गेलं. दुसऱ्याच दिवशी ग्रामसेवक नागूसाठी हार घेऊन आला. "बोला, पुढल्या साली बियाणं किती?"

नागूने तोंड उघडायच्या आत अंबूबाई म्हणाली, "अर्ध्या रानापुरतं द्या, साहेब. अर्धं रान म्हशीचं हाय."