बिन्नी बुआचा चातुर्मास

विद्युल्लताबाई दर चातुर्मासात वांगं सोडत. उरलेले आठ महिनेही त्या वांग्याला हात लावत नसत, पण ते देवाला कशाला सांगायचं? देवासच्या शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या बाईंची ही सोय बिनबोभाट चालली होती. यंदा आषाढी एकादशीला पुजारी बळवंतरावांनी भर देवळात ती उघडी पाडली.

"विद्युताई, वांग्याशी तर तुमचं जन्माचं वैर," ते म्हणाले. "नेम म्हणजे आवडीची चीज सोडायची असते."

बायका खो खो हसल्या. बाईंच्या नाकाला मिरची झोंबली. त्यांनी तळहातावर पाणी घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरं तर. कार्तिकीपर्यंत 'उड़नघर' बघणार नाही!" आणि पाणी सोडून मोकळ्या झाल्या.

'उड़नघर' म्हणजे दर रविवारी सकाळी अकराला लागणारी हिंदी मालिका. एका कुटुंबाचं अख्खं घर, स्वयंपाकघर आणि गच्चीवरच्या टाकीसकट अंतराळात उडालेलं. आई, बाबा, दोन मुलं, एक कुरकुऱ्या रोबो आणि बाबांची बहीण बिन्नी बुआ. बुआचं लग्न झालेलं नाही, तोंड फटकळ, आणि इंजिन बिघडलं की तिच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. बाईंचंही लग्न झालेलं नव्हतं, तोंडाबद्दल शाळेला विचारावं. त्यांना ही बुआ का आवडायची हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

ही मालिका त्या एकट्या बघत नसत. भाऊ मयुरेश पीथमपुरला औषधाच्या कारखान्यात लागला आणि दोन वर्षांपूर्वी बिऱ्हाड धारला नेलं. त्याची मुलगी श्रिया, आठवीतली, तोवर आत्याच्या मांडीला मांडी लावून मालिका बघायची. आता धारला ती आणि देवासला आत्या, मध्ये फोन चालू. भाग संपला की तासभर वाद. रोज फोन करून "जेवलीस का, अभ्यास झाला का" विचारायचं, तर पोरगी "हो" म्हणून फोन आईकडे देते, हे बाईंनी अनुभवलं होतं. त्यांच्याकडे पोरीशी बोलायला रविवारच होता, दुसरं काही नव्हतं.

म्हणजे त्यांनी नेम करायच्या भरात रविवारच सोडला होता का? छे, बाई इतक्या भोळ्या नव्हत्या. मालिकेचा मागचा हंगाम संपला होता आणि नवा डिसेंबरात येणार, अशी त्यांची पक्की माहिती होती. हाही वांग्याचाच प्रकार होता. पण आठ दिवसांत जाहिरात झळकली: नवे बारा भाग, आपल्या श्रावणाच्या पहिल्या रविवारपासून. शेजारच्या हिंदी बायकांचा सावन तेव्हा निम्मा संपलेला असतो. बाईंना वाटलं, आपणही त्यांचंच पंचांग पाळलं असतं तरी काही फरक पडला नसता.

"आत्या, तू चोरून बघ ना," श्रिया फोनवर म्हणाली. "भगवानजींना काय मालूम पडतंय!"

"पाणी सोडलंय मी."

मग बाईंच्या डोक्यात युक्ती आली. "हे बघ, बघणार नाही म्हटलंय. वाचणार नाही असं कुठं म्हटलंय? तू बघ आणि मला लिहून पाठव. मराठीत."

"मराठीत? आत्या, प्लीज यार!"

पण पोरीनं लिहिलं. बाईंनी चाहत्यांच्या ग्रुपमधून नाव काढलं, टीव्हीवर कापड टाकलं आणि पहिल्या रविवारी बाराला संदेश आला: "आज बर्फवाला चंद्र होता. बुआने दरवाजा खोलला आणि सगळे बचले. मजा आला." झालं! बाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या रविवारी पाच ओळी आल्या.

तिसऱ्या रविवारी बारा वाजून गेले, दोन वाजले, चार वाजले. बाई फोन घेऊन ओसरीत येरझाऱ्या घालत होत्या. पोरगी कंटाळली, संपला आपला रविवार, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांना चक्क रडू यायला लागलं. पाचला संदेश आला, दीड पान!

"दार जाम झालं म्हणून बुआ बाहेर गेली. रस्सी तुटली. सगळे लई रडले. मग बुआ किचनच्या खिडकीतून आत आली आणि म्हणाली, रडणं झालं असेल तर चहा कोण टाकतंय?"

बाई खूश झाल्या, आणि खूश झाल्या की त्यांना चुका दिसत. त्यांनी लिहिलं, "बाहेर हवा नसताना खिडकी उघडली तर घरातली सगळी हवा निघून जाईल. या लेखकाला आठवीत नापास करायला हवं."

उत्तर अर्ध्या तासानं आलं. "लेखकाला सॉरी वाटत असेल."

आणि काय नवल, चौथ्या भागात बुआनं खिडकीला दोन दारांची हवाबंद खोली बसवली! बाईंनी मनातल्या मनात मालिकावाल्यांची पाठ थोपटली. पुढं तर त्यांचं मत दर आठवड्याला चढतच गेलं. मागच्या हंगामात बुआ नुसते टोमणे मारायची, आता तिला खरं काम मिळालं होतं. सातव्या भागात तिनं परग्रहावरच्या पाहुण्यांना पोहे खाऊ घातले, वर शेव घालून. आठव्यात ती भावावर ओरडली, "आधी स्विच बंद, मग शहाणपण!"

बाई वाचता वाचता थांबल्या. प्रयोगशाळेत हे वाक्य त्यांनी तीस वर्षं पोरांच्या डोक्यात हाणलं होतं. त्यांनी श्रियाला कळवलं, "लेखक नक्की आपल्या माळव्यातला आहे. माझाच कुणी विद्यार्थी असेल." श्रियानं हसरा चेहरा पाठवला.

संदेश आता तीन-तीन पानांचे येत होते. मराठी अजून अडखळायची, मध्येच हिंदी घुसायची, पण बाईंनी लाल शेरे मारणं कधीच सोडून दिलं होतं. बाराव्या भागात घर शनीच्या मागून सुखरूप बाहेर पडलं आणि बुआ गच्चीवर बसून टाकी दुरुस्त करत होती. बाईंनी ते चारदा वाचलं.

कार्तिकीला नेम सुटला. सकाळची पूजा आटोपून बाईंनी टीव्हीवरचं कापड काढलं, साबुदाण्याची खिचडी समोर घेतली आणि बाराही भाग ओळीनं बघायला बसल्या. दोन भाग झाले. तिसऱ्यात दार जाम झालं, बुआ बाहेर गेली, रस्सी तुटली. सगळे रडले.

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. खिडकीतून कुणी आलं नाही. बाबांनी दार आतून लावून घेतलं. चौथ्या भागात बुआच्या खुर्चीवर रोबो बसला होता.

त्यांनी टीव्ही बंद केला. आधी मालिकावाल्यांचा संताप आला, इतकी कच्ची रस्सी वापरतं का कुणी? मग हळूहळू उमगलं. ती हवाबंद खोली, ते पोहे, तो स्विच. तिसऱ्याचा शेवट आणि पुढचे नऊच्या नऊ भाग धारला बसून एका पोरीनं लिहिले होते, ज्या भाषेत तिला धड चिठ्ठी लिहिता येत नव्हती त्या भाषेत. बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला, दोनदा.

फोन वाजला.

"आत्या," श्रियाचा आवाज अगदी बारीक होता. "बघितलंस?"

"बघितलं चौथ्यापर्यंत."

"रागावलीस? मी झूठ लिहिलं."

"का लिहिलंस ग?"

"तू म्हणायचीस ना, मी फक्त बुआसाठी बघते. मला वाटलं, बुआ नाही तर तू बघणं बंद करशील. मग संडेला आपण काय बोलणार?" पोरगी हुंदके द्यायला लागली. "मग मला खुदलाच तिला सोडणं नाही जमलं. तिच्या कुर्सीवर रोबो बसलेला बघवत नव्हता."

इकडे त्या सबंध चातुर्मास पोरगी निसटेल म्हणून धास्तावल्या होत्या, आणि तिकडे पोरगी आत्या निसटेल म्हणून.

"बाकीचे भाग मी बघणार नाही," त्या म्हणाल्या. "मी वाचलेत ते. तेच खरे."

"पण सीझन तर खतम झाला, आत्या."

"त्यांचा झाला असेल. तेरावा भाग रविवारी, बारा वाजता. उशीर चालणार नाही. आणि एकदा घर देवासला उतरव, देवीच्या टेकडीच्या मागं जागा आहे भरपूर."

श्रियानं नाक ओढलं. "आणि बुआला उतरायला लेट झालं तर?"

"होऊ दे," बाई म्हणाल्या. "तिला सांग, दार कुणी लावणार नाही."