साडेनऊचं चित्र

संघमित्राच्या आईचं चित्र रोज सकाळी साडेनऊच्या आत घरच्या ग्रुपवर यायचं. त्या दिवशी दहा वाजून गेले तरी आलं नाही.

संघमित्रा धुळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. सकाळचे नमुने घेऊन झाले की ती हात धुऊन फोन बघायची. आईचं चित्र आलेलं असायचं, ती त्यावर अंगठ्याचं चिन्ह टाकायची आणि पुढच्या कामाला लागायची. गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

आई, म्हणजे द्रौपदाबाई, भडगावात एकट्या राहत. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठला, तेव्हा संघमित्राने त्यांच्या फोनवर तुकडे जुळवून चित्र करायचा गेम टाकून दिला. रोज एक नवं चित्र. कधी होडी, कधी बगळे, कधी कुठल्या परदेशातलं बर्फाचं घर. आंघोळ आणि चहा उरकला की त्या ते जुळवायला बसत आणि पुरं झालं की ग्रुपवर पाठवत. अंगणवाडीत मुलांनी मातीचा बैल केला की ताटलीत घालून बाईंना दाखवायला आणत, तसं.

आधी तो गेम फुकटातला होता. दर दोन मिनिटांनी जाहिरात यायची. एकदा जाहिरातीत आलं, तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, इथे दाबा. आईने दाबलं. मग कुणा माणसाचे फोन यायला लागले, हिंदीत दरडावून बोलणारे. आईने फोन बंद करून गव्हाच्या कोठीत ठेवला आणि शेजारच्या भिकुबाईच्या फोनवरून संघमित्राला सांगितलं, "मना फोनमा कोनी तरी घुसनं, संघू." पैसे गेले नाहीत, पण आई आठवडाभर धास्तावलेली होती.

त्यानंतर सुयशने फॅमिली प्लॅन घेतला. सुयश तिचा धाकटा भाऊ, जळगावला चटईच्या कारखान्यात सुपरवायझर. महिन्याला एक किलो तूरडाळीच्या पैशात घरातल्या सहा जणांना शंभरेक गेम, जाहिराती नाहीत, आत काही विकत घ्यायचं नाही. सुरुवातीला सगळ्यांनाच तो सौदा चांगला वाटला. पुढे सुयशची बायको चारुलता कुरकुर करायला लागली. शंभर गेम उघडे म्हटल्यावर मुलगी एकावरून दुसऱ्यावर उड्या मारते, पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ बसते. संघमित्रा आणि तिचा नवरा प्रशील तर कधी खेळतच नव्हते. गेल्या दिवाळीत सुयश म्हणाला होता, "ताई, सहा जणांचा प्लॅन आणि उपयोग एकट्या आईला. फुकटचं काय वाईट आहे?"

"फुकटचं काय वाईट आहे ते तू बघितलंस ना," संघमित्रा म्हणाली होती. विषय तिथेच राहिला होता.

सव्वादहाला तिने आईला फोन लावला. पूर्ण वाजला. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजला. आई तिसऱ्या रिंगला फोन उचलायचीच. संघमित्राने भिकुबाईला लावला, तो बंद. कापूस वेचणीचे दिवस होते, गल्लीतल्या सगळ्या बाया सकाळीच वावरात गेलेल्या असणार. सुयशला लावला, पण पाळीवर असताना त्याचा फोन कपाटात असतो. प्रशील ट्रेनिंगसाठी नाशिकला होता, तो म्हणाला, "थांब थोडं, येईल तिचा फोन."

ती थांबली. एका म्हाताऱ्या बाईंचं रक्त काढायला बसली आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला शीर सापडत नाहीये. तिने पट्टा सोडला, सहकाऱ्याला बोलावलं आणि रजेचा अर्ज न देताच बाहेर पडली.

जळगावची बस लगेच मिळाली. पारोळ्याला उतरून पुढे भडगाव. तिला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय आहे ते तिला दिसत नव्हतं. ती आईला फोन लावत होती, मधूनच सुयशला. आईच्या फोनची रिंग वाजत राहायची आणि तिला ते घर दिसायचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी चार्जिंगला लावलेला फोन, आतली स्वयंपाकाची खोली, मागची न्हाणी. फोन वाजतोय आणि घरात कुणी हलत नाहीये. आईला साखरेचा त्रास होता. गोळी घेतली आणि खाल्लं नाही तर तिला भोवळ यायची. संघमित्राने ठरवलं, आता दहा मिनिटं लावायचा नाही. चार मिनिटांनी तिने पुन्हा लावला.

पारोळ्याच्या स्टँडवर ती उतरली आणि सुयशचा फोन आला.

"ताई, अकरा मिस कॉल? काय झालं?"

तिने सांगितलं. पलीकडे तो हसलाच.

"अगं, मीच तो प्लॅन बंद केला. पंधरा दिवस झाले. मुदत काल संपली. आईचा गेम उघडलाच नसेल आज, चित्र कुठून पाठवेल?"

"मला सांगितलं नाहीस."

"तू भांडली असतीस."

"मग फोन का उचलत नाही ती?"

"दळण आणायला गेली असेल, नाहीतर कुणाकडे बसली असेल. फोन घरी विसरते की नेहमी. तू परत जा, ताई, उगाच रजा घालवू नकोस. मी संध्याकाळी बोलतो तिच्याशी."

संघमित्राला ते पटलं. ती तिथल्याच बाकावर बसली. इतका वेळ छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून नेलं होतं. गेम बंद झाला, म्हणून चित्र नाही. बस, एवढंच. तिला स्वतःचं हसू आलं, थोडा सुयशचा रागही आला. तिने चहा घेतला. समोर धुळ्याची बस लागलेली होती. कंडक्टर हाका मारत होता. ती उठली, पायरीवर पाय ठेवला आणि थांबली.

मागच्या वर्षी फोन अपडेट झाला होता आणि गेमचं चिन्ह दुसऱ्या पानावर गेलं होतं. आईने सकाळी आठच्या आत सात फोन केले होते. मग आज गेम उघडलाच नाही तर ती गप्प कशी राहील?

तिने सुयशला पुन्हा फोन लावून विचारलं, "सकाळी तुला आईचा फोन आला होता?"

"नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पायरीवरून पाय काढून घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, ताई, चढायचं तर चढा. ती वळली आणि भडगावच्या काळीपिवळीकडे पळत सुटली.

काळीपिवळी भरल्याशिवाय निघेना. तिने ड्रायव्हरला उरलेल्या चार जागांचे पैसे दिले. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गाडी काढली. आता तिला काही सुचत नव्हतं. आधी भीती होती, पण तिच्यात जागा होती, काहीही असू शकतं अशी. आता तशी जागा राहिली नव्हती. वाटेत एका ठिकाणी ट्रॅक्टर आडवा आला आणि तिने पुढच्या सीटचा दांडा रस्ता मोकळा होईपर्यंत सोडला नाही.

गल्लीत शुकशुकाट होता. दारांना कड्या, ओट्यांवर कुत्री. आईच्या दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. तिने ढकललं. दार हललं नाही.

ती दार वाजवायला लागली. आई, आई. आतून काही आलं नाही. तिने फोन लावला आणि दारापलीकडे, चार-पाच हातांवर, तो वाजायला लागला. ती गाण्याची रिंग तिनेच लावून दिली होती.

कोपऱ्यावरच्या घरातून नथ्थू आबा बाहेर आले. सत्तरीचे, पूर्वी सुतारकाम करायचे. त्यांनी दार चाचपलं. "मझारतून लायेल शे," ते म्हणाले. आतून कडी आहे, म्हणजे बाई घरातच आहे. ते दोघांनाही कळलं. आबा घरात गेले आणि पहार घेऊन आले.

"पोरी, बाजू व्हय."

तिसऱ्या दणक्याला कडी निखळली.

बाहेरची खोली नीट आवरलेली होती. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली कालची फुलं. स्वयंपाकाच्या ओट्यावर चहाचं आधण ठेवलं होतं, गॅस पेटवलेला नव्हता. संघमित्रा न्हाणीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. आबांनी तिला हाताने बाजूला केलं आणि आत वाकून बघितलं.

"जित्ती शे," ते म्हणाले.

आई ओल्या फरशीवर कुशीवर पडली होती. एक पाय विचित्र वळलेला. ओठ निळसर पडले होते. अंग बर्फासारखं गार. संघमित्रा तिच्याजवळ बसली आणि तिने रोज अनोळखी माणसांच्या मनगटावर ठेवते तसं आईच्या मनगटावर बोट ठेवलं. नाडी बारीक होती, पण होती.

आईने डोळे उघडले. "पानी दे," ती म्हणाली. आणि मग, थोड्या वेळाने, "फोन वाजे, आन मी अठूनच आवाज देऊ. तुले कसं ऐकू येई?"

ती साडेसहाला घसरली होती. संघमित्रा पोचली तेव्हा दीड वाजत आला होता.

अँब्युलन्समधून जळगाव गाठेपर्यंत आईची शुद्ध दोनदा हरपली. खुब्याचं हाड मोडलं होतं. साखर इतकी वाढलेली की डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात. दोन दिवस नुसतं थांबायचं होतं. संघमित्राला लॅबमधले आकडे कळत होते, म्हणून तिला जास्त भीती वाटत होती. सिस्टरने रिपोर्ट आणला की ती सुयशच्या आधी तो हातात घ्यायची आणि त्याला म्हणायची, बरं आहे. बरं नसायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर सुयश म्हणाला, "मी तुला परत जा म्हणालो होतो."

"हो."

"तू गेली असतीस तर."

"माझा एक पाय बसमध्ये होता, सुयश." तिला त्याची समजूत घालता आली असती, पण तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. "तू तुझ्या परीनं बरोबरच बोललास. मलाही ते पटलं होतं. चहा प्याले मी."

तो दोन्ही हातांत डोकं धरून बसला. चारुलता डबा घेऊन आली तेव्हा दोघंही तसेच होते.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि नीट झालं. पाचव्या दिवशी आईला उशीला टेकवून बसवलं. सुयशने तिचा फोन आणला होता. प्लॅन त्याने पुन्हा चालू केला होता, कुणी काही न म्हणता. गेम उघडून त्याने फोन तिच्या हातात दिला. आईने दोन तुकडे सरकवले आणि फोन पांघरुणावर ठेवला.

"परत पैसा भऱ्या का? ऱ्हाऊ देतास," ती म्हणाली.

संघमित्राने विचारलं, "बंद होणार हे तुला माहीत होतं?"

"चार दिन झायतात. रोज त्यानावर लिखेल ये, प्लॅन सरनार शे. माले वाचता येस ना."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगो? पोरेसना पैसा जास. म्हनं, जाऊ दे, बंद व्हई तं व्हवो. तुमले फोन कराना नही असं ठरायेल व्हतं."

संघमित्रा खाटेच्या कडेवर बसली. गेम उघडला नसता तर आईने फोन केला असता, एवढ्या एका गोष्टीवर तिने पारोळ्याला बसमधून पाय काढला होता. आणि ती गोष्ट खरी नव्हती. त्या दिवशी आई धडधाकट असती तरी गप्पच राहिली असती. चित्र न येणं, फोन न येणं, सगळं सुयश म्हणाला तसंच असायला हवं होतं. ती चुकीचा विचार करून बरोबर दाराशी पोचली होती. तिने सुयशकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

आई तीन महिने जळगावला राहिली आणि मग कुणाचं न ऐकता भडगावला परतली. आता न्हाणीत भिंतीला लोखंडी दांडा आहे, बाहेरच्या दाराची आतली कडी काढून दोन्हीकडून उघडणारं कुलूप बसवलं आहे आणि त्याची एक किल्ली भिकुबाईकडे असते. प्लॅन चालू आहे. आई कधी चित्र पाठवते, कधी नाही. त्याची वाट कुणी बघत नाही, कारण संघमित्रा सकाळी सात वाजता स्वतः फोन करते, आणि रात्री सुयश करतो.

मागच्या आठवड्यात एकदा फोन सातव्या रिंगेपर्यंत उचलला गेला नाही. मग आईचा आवाज आला, दूध उतू चाललं होतं म्हणाली, आणि भिकुबाईच्या म्हशीचं काहीतरी सांगत राहिली. संघमित्रा हो हो म्हणत होती. फोन ठेवल्यावर ती लॅबला गेली, पण सकाळचे पहिले तीन रुग्ण तिने रक्त काढायला सहकाऱ्याकडे पाठवले.