काळीज खिडकीच्या अंगाला

मित्रांनो, मला भिंतीवरून उतरवून स्टोअररूममध्ये टाकण्यात आले. हे वाक्य तुम्ही वाचलेले नाही. असे काही घडलेलेच नाही. मी अजून भिंतीवरच आहे आणि माझी गोष्ट आता कुठे सुरू होते आहे.

तर मी एक जुना व्ह्यू बॉक्स आहे. म्हणजे पांढऱ्या काचेची चपटी पेटी. आत दोन ट्यूब आणि वर एक्स-रेची फिल्म अडकवायला क्लिपा. पिरंगुटच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथून टेम्पोत बसून पौड रस्त्यावरच्या एका मेडिकल कॉलेजच्या क्ष-किरण विभागात आलो. आयुष्यात केलेला प्रवास तेवढाच.

माझ्या उमेदीच्या काळात रेडिऑलॉजी शिकणारे रेसिडेंट डॉक्टर सकाळपासून माझ्यासमोर रांग लावत. आताचे विभागप्रमुख दयानंद सरही त्यात असत. तेव्हा त्यांना केस होते. माझी डावी ट्यूब जरा फडफडते. फिल्म चुकीची लागली की मी मुद्दाम फडफडायचो. डॉक्टर वैतागून पुन्हा बघायचे आणि चूक सापडायची. याबद्दल माझा कधी सत्कार झाला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. थोडी केली होती.

मग मॉनिटर आला.

त्याच्याविषयी माझ्या मनात काहीही नाही. फक्त एवढेच सांगतो, की त्याला पुसायला वेगळे फडके आहे आणि त्या फडक्याला वेगळी पिशवी आहे. मला सफाईच्या सारजाबाई ज्या फडक्याने पुसतात, त्याने आधी माझ्या शेजारची कायम बंद खिडकी पुसून झालेली असते. त्याच्यासमोर पाणी प्यायला बंदी. माझ्या माथ्यावर चहाचे कप. खोलीतला एसीही त्याच्यासाठीच लावलेला. रेसिडेंटना थंडी वाजते तो दुष्परिणाम. आणि माझ्या क्लिपांत काय अडकवलेले, तर ड्युटीचा तक्ता. आयुष्यभर फुप्फुसे आणि बरगड्या दाखवल्या, आणि आता लोक माझ्यात डोकावून विचारतात, "रविवारी कोण आहे?"

रविवारी डॉ. सायली असायची. पहिल्या वर्षाची रेसिडेंट. सोनोग्राफीला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म तिने भरायचा, वॉर्डातून फोन आला की "रिपोर्ट होतोय" म्हणायचे, आणि मग अंधाऱ्या खोलीत मॉनिटरसमोर बसायचे. तिने तीन महिन्यांत ऊन पाहिले नव्हते. मॉनिटरकडे मात्र ती दिवसाचे अकरा तास बघायची. मी मोजत नव्हतो. मला दुसरे काम नव्हते.

एके दिवशी दयानंद सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या डब्याचा काही उपयोग होतो का, महिनाभर बघू. नाही झाला, तर इथे दुसरा मॉनिटर लावू."

एकोणतीस दिवस काहीही झाले नाही. तिसाव्या दिवशी कोळवणहून सिद्धू आला. शेरडामेंढरांचा धंदा, महिनाभराचा खोकला. नव्या एक्स-रेसाठी त्याचा नंबर लागायचा होता. सायलीने नियमाप्रमाणे विचारले, "जुनी फिल्म आहे का?"

"हाय की ताई." त्याने खताच्या पिशवीतून गुंडाळी काढली. "फकस्त ह्यो कोपरा करडानं खाल्ला. लई वंगाळ जात."

त्या कोपऱ्यात डावे-उजवे ओळखायचे अक्षर असते. ते करडाच्या पोटात गेलेले. मॉनिटरवर चित्र आपोआप सरळ येते, त्यामुळे सायलीने हाताने फिल्म कधी लावलीच नव्हती. तिने तक्ता काढला, माझे बटण दाबले आणि फिल्म लावली. उलटी.

"अगं बाई!" ती म्हणाली. "हृदय उजवीकडे आहे!"

मला एका क्षणात चूक कळली होती. फडफडायला हवे होते. पण मित्रांनो, ती माझ्याकडे बघत होती. डोळे विस्फारून बघत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही ट्यूब स्थिर ठेवल्या.

पाच मिनिटांत सगळा विभाग माझ्यापुढे जमला. जठर उजवीकडे, यकृत डावीकडे, सगळा संसारच उलटा. असा माणूस हजारोंत एखादा! फोटो निघाले. तिसऱ्या वर्षाच्या निरंजनने शोधनिबंधाचे नावही ठरवले, त्यात स्वतःचे नाव पहिले घालून. खात्रीसाठी स्टेथोस्कोप मागवला, तर सगळ्या विभागात एकही निघाला नाही. कोपऱ्यात मॉनिटर एकटाच जळत होता. मी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तीनदाच पाहिले.

सिद्धू घाबरला. "सायब, माझं काळीज कुटं गेलंय म्हंता?"

दयानंद सर गंभीरपणे म्हणाले, "उजवीकडे."

"आन् मंग हितं काय धडधडतंय?" सिद्धूने डाव्या छातीवर हात ठेवला.

सारजाबाईंनी हातातली बादली खाली ठेवली, डॉक्टरांना कोपराने बाजूला सारले, फिल्म उपसली, उलटवली आणि पुन्हा लावली.

"वीस वरसं हितं पुसतीया मी. काळीज खिडकीच्या अंगाला येतंय. दाराच्या अंगाला कवाच न्हाई."

"तुमाला पयलं इचारायचं व्हतं," सिद्धू म्हणाला आणि खोकला.

निरंजन फोटो पुसू लागला. सरांनी सायलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "चूक हिची नाही, या डब्याची आहे. मॉनिटरवर असे होतच नाही. बरोबर ना, सायली?"

तिने तोंड उघडले. मला वाटले, ती म्हणेल, "नाही सर, फिल्म मी उलटी लावली." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"हो सर," ती म्हणाली.

मी तिला दोष देत नाही. मीही गप्पच बसलो होतो.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना अधूनमधून पुसा, कामाला लावा. फार दिवस कोणी पाहिले नाही की वस्तूही कोणी पाहावे म्हणून खोटे वागू लागते. आणि एखादी जुनी ट्यूब फडफडली, तर वैतागा, पण पुन्हा एकदा बघा.

माझा अर्ज खाली जोडला आहे.

प्रति, मा. विभागप्रमुख, क्ष-किरण विभाग.

विषय : अर्जदाराकडे पाहणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदारास भिंत नको, नवी ट्यूब नको. सबब, डॉ. सायली यांनी दर सहामाहीस एकदा, किमान दोन मिनिटे, फिल्मसह अथवा फिल्मविना, स्टोअररूममध्ये अर्जदारासमोर उभे राहावे, असे आदेश व्हावेत. सदर कालावधीत मॉनिटर बंद ठेवून त्याचे तोंड भिंतीकडे करण्यात यावे, ही नम्र विनंती.