शुक्रवारचा कोट

"शुक्रवारी या," बाबा म्हणाले, तसे दुकानाच्या दारात उभे असलेले शाळेचे मास्तर हसायलाच लागले.

"तुमचं शुक्रवारी, पिक्चरवाल्यांचंही शुक्रवारी. बघू या आधी कोण येतंय, माझी पँट की तुमचा पिक्चर."

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं शिंपीकाम करतायत. शिलाई अशी, की भांडायला आलेला माणूस कपडा अंगात घातला की गप्प होतो. पण तारखेच्या नावानं बोंब. दिलेल्या दिवशी कपडा तयार झालाय, असं कुणाच्या बापजन्मात घडलेलं नाही. आणि आता चार महिने हाच माणूस स्वतः शुक्रवारच्या तारखांना फसतोय, त्यामुळे सगळ्या गल्लीला कोण आनंद झालाय!

दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा खाकी कागद लावलेला आहे. त्यावर कापड आखायच्या खडूनं यादी लिहिलेली. घरच्या टीव्हीवर कुठला पिक्चर कधी येणार, कुठल्या मालिकेचा पुढचा भाग कधी. बाबांना यातल्या एकाच पिक्चरशी मतलब. पण अर्धवट काम त्यांना खपत नाही, म्हणून वर्तमानपत्रात आलेली अख्खी यादी दर सोमवारी उतरवून काढतात. आता गल्लीतल्या मुली कॉलेजला जाताना डोकावून विचारतात, "आजोबा, त्या राजवाड्याच्या मालिकेचं काय झालं?"

"महिनाअखेर म्हणतायत. पण भरवसा ठेवू नकोस, तारीख पाळणारी माणसं नाहीत ही."

हे कोण बोलतंय बघा! आणि त्या मालिकेचा एक भागही त्यांनी पाहिलेला नाही.

आमच्या पिक्चरची तारीख त्या कागदावर तीन वेळा खोडून पुन्हा लिहिली आहे. "आमच्या" अशासाठी, की त्यात बाबांनी शिवलेला कोट आहे. दीड वर्षापूर्वी पिक्चरवाल्यांचा माणूस आला होता. एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तरसाठी जुन्या पद्धतीचा जाड लोकरी कोट हवा होता, समोर सहा बटणं, आणि काजं हातानं केलेली. मशीनची चालणार नाहीत म्हणाला. बाबांनी मान आत वळवून नुसतं "ऐकलंस का?" म्हटलं.

हाताची काजं म्हणजे आई. माझ्या सासूबाई. त्यांच्या लग्नापासून बाबांच्या प्रत्येक कोटाचं काज आईंनी केलेलं. टाका असा एकसारखा, उजवीकडे किंचित कललेला, की बाबा गिऱ्हाइकाला कोट देताना आधी बटण लावून दाखवायचे. वर्ष उलटल्यावर पिक्चर लागला, तेव्हा आई नव्हत्या. झोपेतच गेल्या, कुणाला एक शब्द न बोलता. त्यांच्या स्वभावाला ते धरूनच होतं म्हणा.

आम्ही तिघं पिक्चरला गेलो. शेवटाकडे तो स्टेशनमास्तर नोकरीच्या शेवटच्या दिवशी कोट चढवतो आणि खालून वर एकेक बटण लावायला लागतो. पडदाभर त्याची बोटं, कोटाचा काळा काठ आणि खालची तीन काजं. आणि बाबा ताडकन उभे राहिले.

"अहो, थांबवा! मागे घ्या जरा!"

थिएटरभर हशा. माझ्या नवऱ्यानं हात धरून त्यांना खाली बसवलं. तोवर बोटं गेली, स्टेशन आलं. बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटे जाऊन आले. पुन्हा तेच. पापणी लवते न लवते तोच गेलं. आठवड्यात पिक्चर उतरला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. शिंप्याचं घर आहे आमचं, पण आईंच्या हाताचं काज असलेला एक कपडा घरात नाही. सगळे कोट गिऱ्हाइकांचे. बाबांच्या स्वतःच्या कोटाचं कापड कपाटात पडून आहे, दर वर्षी "पुढच्या थंडीला शिवू" करत राहिलं. आई गेल्यावर बाबांनी एकदा अख्खं कपाट उपसलं होतं. काही सापडलं नाही. म्हणून नवऱ्यानं त्यांना समजावलं, "बाबा, पिक्चर घरच्या टीव्हीवर आला की आपल्याला हवा तिथे थांबवता येतो. तासभर बघत बसा." तेव्हापासून ती यादी.

आणि तेव्हापासून मी त्या यादीकडे बघायचं टाळायचे.

कारण ती खालची तीन काजं आईंची नव्हतीच. माझी होती.

त्या वेळी आईंच्या बोटांचे सांधे सुजलेले असायचे. वरची तीन काजं त्यांनी केली आणि सुई ठेवून दिली. बाबा बटणं आणायला बाजारात गेलेले. मला खोलीत बोलावून म्हणाल्या, "उरलेली तू कर. आणि ह्यांना सांगशील तर बघ. कळलं तर उद्यापासून सुईला हात लावू देणार नाहीत मला."

आता मी पडले डावखुरी. माझा टाका डावीकडे कलतो. काज शिकवताना आईंनी त्यावरून माझा जीव नकोसा केला होता. "आरशात बघून शिवतेस का गं?" म्हणायच्या. सात वर्षांत माझ्या एकाही कामाला त्यांनी बरं म्हटलं नाही, ना शिवणाला ना स्वयंपाकाला. पण त्या दिवशी त्यांची बोटं बघून मी सुई उचलली. जीव ओतून तीन काजं केली. कोट हातात दिला तर खिडकीशी नेऊन बघितला आणि म्हणाल्या, "ठेव तिकडे." बस. मी धुसफुसत कामाला निघून गेले. मी दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते, त्या आठवड्यात बाराची पाळी होती. संध्याकाळी सातला परतले तेव्हा कोट इस्त्री होऊन खोळीत गेलेला, आणि आई कोमट पाण्यात बोटं बुडवून बसलेल्या. सकाळी नऊला पिक्चरवाले कोट घेऊन गेले.

आता सांगा. हा माणूस चार महिने डोळ्यांत प्राण आणून बायकोच्या हाताची वाट बघतोय, आणि पडद्यावर येणार माझा डावा हात. चाळीस वर्षांचा शिंपी तो, त्याला एका नजरेत कळणार. दर वेळी तारीख पुढे गेली की बाबा चरफडायचे, "एकदा शब्द दिला की द्यायचं!", आणि मी आतल्या खोलीत सुटकेचा श्वास टाकायचे. दोनदा तर सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. पण आईंना शब्द दिलेला. माणूस गेलं म्हणून शब्द थोडाच जातो?

शेवटी एकदाचा तो शुक्रवार आला आणि पिक्चरही आला. सकाळपासून बाबांचं कशात लक्ष लागेना. हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यांनी मास्तरांची पँट पुरी करून टाकली. मास्तर सवयीनं चौकशीला आले, तर हातात तयार पँट! ते बिचारे उलटसुलट करून बघत राहिले.

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"पिक्चर आलाय," बाबा म्हणाले आणि चार वाजता दुकान बंद केलं.

बाबा धुतलेला सदरा घालून टीव्हीपुढे बसले. चष्मा दोनदा पुसला. नवऱ्यानं पिक्चर पळवत पळवत शेवटाकडे आणला आणि रिमोट माझ्या हातात दिला. "तू थांबव, माझी बोटं जाड आहेत." म्हणजे वधस्तंभावर दोरी ओढायलाही मीच! स्टेशनमास्तरनं कोट उचलला. बोटं आली. मी बटण दाबलं.

चित्र थांबलं. टीव्हीभर काळी लोकर आणि एकाखाली एक तीन काजं.

मला वर बघवेना. बाबा खुर्ची पुढे ओढत असल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, अगदी बारीक.

"हे बघ. हिचंच."

मी मान वर केली. बाबांचं बोट वरच्या काजावर होतं. टाके उजवीकडे कललेले. त्याच्या खालचं काज, तेही उजवीकडे. एकसारखे, दाताला दात लावल्यासारखे आईंचे टाके. मी टीव्हीजवळ गेले. पुन्हा पुन्हा बघितलं.

"हे माझं नाहीये!" मी ओरडलेच. "बाबा, ही माझी होती! तिन्ही! आईंनी उसवली माझी काजं!"

नवरा बघतच राहिला. मग काय, सगळं बाहेर आलं. सुजलेली बोटं, बाबांना न सांगायची तंबी, "ठेव तिकडे", सगळं. शब्द मोडला तो मोडलाच. मला इतका राग आला होता, की खोटं कशाला बोलू, रडू फुटलं. त्या बोटांनी! एकेक टाका कापून काढायचा आणि तिथेच पुन्हा भरायचा. माझं काम पसंत नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतं. मी पुन्हा केली असती, दहादा केली असती.

बाबांनी मला रडू दिलं. ते अजून टीव्हीकडेच बघत होते. आईंच्या दोन्ही काजांचा टाका न् टाका मोजून झाला असेल तेव्हा त्यांचं बोट खाली सरकलं.

"आणि हे?"

सगळ्यात खालचं काज. टाके डावीकडे कललेले.

"हे तुझं."

"वेळ मिळाला नसेल त्यांना," मी नाक पुसत म्हटलं.

"तू बाराला गेलीस. मी आलो पाचला. कोट गेला दुसऱ्या दिवशी." बाबा हळूहळू बोलत होते, माप घेताना बोलतात तसे. "वेळ होता की. तिला न पटलेलं काज तिनं कधी घराबाहेर जाऊ दिलं नाही. सुरुवातीला मी करायचो ना, माझी सगळी उसवलीयत तिनं. एक नाही ठेवलं."

सात वर्षं ज्याची वाट बघितली, ते आईंनी मला कधीच सांगून टाकलं होतं आणि कोट गिऱ्हाइकाला देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

"पुढे लावू का, बाबा?" नवऱ्यानं विचारलं.

"नको. असू दे."

चित्र फार वेळ थांबवून ठेवलं की आमचा टीव्ही आपोआप काळा होतो. तसा तो झाला. बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी डाव्या हातानं बटण दाबलं. तिन्ही काजं पुन्हा दिसायला लागली.