एकूणएक

अप्पा रोज सकाळी कामाला निघत. छापखाना बंद पडून कैक वर्षं झाली होती, पण ती गोष्ट अप्पांच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. शर्टाची बटणं वरखाली लावून, रिकामा डबा काखोटीला मारून ते जिना उतरत आणि त्यांची मुलगी शिलाई मशीनवरून मानसुद्धा वर करत नसे.

कारण खाली गल्ली होती. जिन्याशी इस्त्रीवाली मावशी त्यांची बटणं नीट लावून देई. पुढे न्हावी टपूनच बसलेला. "अप्पा, आज छापखान्याला सुट्टी!" तो इतक्या सफाईने थाप मारायचा की अप्पा खूश होऊन खुर्चीत बसत आणि गालाला साबण लागला की छापखाना विसरत. त्यातूनही निसटलेच, तर कोपऱ्यावरचा चांभार त्यांच्या चपलेतला नसलेला खिळा काढायला त्यांना बसवून घेई. पलीकडचा हमरस्ता अप्पांना कुणी गाठूच देत नसे. हे काम कुणी कुणाला नेमून दिलं नव्हतं. कुणीतरी असायचंच.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. गल्ली पाडणार आणि सगळ्यांना गावाबाहेरच्या उंच इमारतीत घरं देणार. लिफ्ट, दिवसभर पाणी. काहींच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोला! मुलगी मात्र धास्तावली. तिथे वरच्या मजल्यावरून उतरलेल्या अप्पांना कोण अडवणार होतं? लिफ्ट?

एरवी शिलाईचा भाव सांगतानाही अडखळणारी ती बाई गल्ली वाचवायला कंबर कसून दारोदार फिरली. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. आता तिचा शब्द कुणी खाली पडू देईना. "माझ्या एकटीवाचून काय अडलंय?" असं मावशी म्हणाली, तेव्हा ताईने तिला झापलंच.

"प्रत्येकाने असं म्हटलं तर गल्ली गेलीच म्हणून समजा, मावशी. कचेरीतल्या सुनावणीला एकूणएक माणूस पाहिजे."

एकूणएक माणूस गेला. न्हाव्याने कधी नव्हे ते दिवसाढवळ्या शटर ओढलं. ताईने निघताना नेहमीसारखं दार नुसतं लोटून घेतलं. अप्पांचा डोळा लागला होता.

कचेरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेब चकित झाला. "अख्खी गल्लीच उचलून आणलीत की काय?"

"एकूणएक, साहेब," ताई अभिमानाने म्हणाली. "मागे चिटपाखरूसुद्धा नाही."

बोलली आणि तिला अप्पा आठवले. तिने वळून पाहिलं. मागेच न्हावी उभा होता.

"दादा, अप्पांपाशी कोण आहे?"

"मला वाटलं, मावशी थांबली असेल."

"अगं, तूच तर मला..." मावशी बोलता बोलताच दाराकडे वळली. चांभार तोवर धावत सुटला होता.

अप्पा हमरस्त्यापर्यंत पोचले होते. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला होता म्हणे, पण उशिरा. त्यांच्या शर्टाची बटणं वरखालीच होती.

पुढे निकाल लागला. रस्ता दुसरीकडून न्यायचं ठरलं, गल्ली वाचली. चांभाराने ती बातमी प्रत्येक दारात जाऊन हळू आवाजात सांगितली. ताईच्या दारावरून मात्र तो तसाच पुढे गेला.

थोड्याच दिवसांत तिने गावाबाहेर, उंच इमारतीत एक खोली भाड्याने घेतली. न्हाव्याने तिचं मशीन टेम्पोत चढवलं आणि न राहवून म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे गल्ली राहिली. आणि तुम्हीच निघालात?"

"दादा, तुमचं कुणाचंच काही चुकलं नाही. पण सकाळी खिडकीतून बघते तर तुम्ही सगळे जागच्या जागी. मावशी जिन्याशी, तुम्ही खुर्चीपाशी. मनात एकच येतं, तेवढा एकच दिवस ही माणसं इथे नव्हती. आणि त्यांना इथून मीच ओढून नेलं होतं. हे रोज नाही बघवत मला."

मावशी ढसाढसा रडली. ताईचे डोळे कोरडेच राहिले. टेम्पो सुरू झाला तशी सगळी गल्ली त्याच्यामागून चालत कोपऱ्यापर्यंत आली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.