मुगाच्या मुळातलं रक्त

उंबरदरीच्या पारापाशी त्या सकाळी मुंगीला शिरायला वाट नव्हती. गुडघे दुखतात म्हणून रेशनच्या रांगेत बायकोला उभी करणारा सहादूसुद्धा पहिल्या ओळीत ताठ उभा होता. सगळ्यांच्या नजरा मूळनाथ महाराजांच्या हातावर होत्या, आणि त्या हातात फुलोऱ्यावर आलेलं, मुळासकट उपटलेलं मुगाचं रोप होतं.

"भक्त हो, धरणीमायनं पावसाळ्यात भात दिला. हिवाळ्यात गहू दिला. दोन बाळंतपणं झाली. चैत्र-वैशाखात मायला निजू द्यायचं असतं. पण एखाद्याला हाव सुटते, तिसरं पीक पाहिजे म्हणतो. मग माय काय करील? माय रडत नाय. माय रक्त गाळते."

त्यांनी मुळावरच्या बारीक गाठी नखाने खुडल्या, पांढऱ्या रुमालात घेतल्या आणि चिरडल्या. रुमाल उलगडला, तर त्यावर लाल डाग. बाया पदर सावरत दोन पावलं मागे सरल्या. मागे जागा नव्हती, म्हणून एकमेकींच्या पायावर सरल्या.

"कोणाच्या रानातलं हे रोप?" महाराजांनी विचारलं. ते त्यांनीच सिंधुबाईच्या रानातून चेल्याकरवी उपटून आणवलं होतं, तरी विचारलं. बुवाबाजीत प्रश्न असेच विचारतात, उत्तर खिशात ठेवून.

सिंधुबाई मागे उभी होती. पन्नाशीची, धडधाकट आणि तोंडाची तिखट. कृषी खात्याच्या शिवारफेरीत तिने सुधारित मूग पाहिला होता. दोन-सव्वादोन महिन्यांत येणारा, शेंगा एकदमच पिकणारा. गहू काढला की पेरायचा आणि भाताच्या लावणीआधी घरात आणायचा. बियाण्याची पिशवी आणि जिवाणूंच्या काळ्या भुकटीचं पाकीट घेऊन ती घरी आली, आणि गुळाच्या पाण्यात भुकटी कालवून तिने ती बियाण्याला चोळली. शेजारच्या कुसाबाईने हे कुंपणावरून पाहिलं. कुंपणावरून पाहणं हा कुसाबाईचा पूर्णवेळ धंदा होता.

"काळं काहीतरी चोळत होती बियाला. तोंडानं पुटपुटत बी होती," कुसाबाई आता म्हणाली. खरं तर सिंधुबाई तेव्हा माश्यांना शिव्या देत होती. मग कुसाबाईने आवाज खाली आणून एक शब्द उच्चारला. "भुताळी."

असल्या हळू बोललेल्या शब्दाला पाय फार फुटतात. या डोंगरपट्ट्यात भुताळी म्हणजे चेटकीण, आणि त्या एका शब्दाने बायका गावाबाहेर गेल्या आहेत, काही परत आल्या नाहीत.

महाराजांनी निकाल दिला. अमावास्येच्या सकाळपर्यंत सगळा मूग उपटून मठात आणायचा. ते शांत करतील आणि गोदावरीत सोडतील. नाही आणला, तर पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या सहादूने सिंधुबाईची पाळी बंद करायची. गावात मूग पेरणारा दुसरा फकिरा. त्याने आदल्याच दिवशी मठात असाच लाल रुमाल पाहून आपलं सगळं रान उपटून तिथे पोचवलं होतं आणि प्रसादाचा नारळ आणला होता.

हे मूळनाथ महाराज दोन वर्षांमागे पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या टेम्पोवर क्लीनर होते. तेव्हा नाव गेणू. एका रात्रीत दाढी वाढत नाही, म्हणून साक्षात्काराला तीन महिने लागले.

घरी रावजी, सिंधुबाईचा नवरा, डोकं धरून बसला होता. "उपटून टाकू गं. मूग परत पेरता येईल. गावातलं नाव नाय परत पेरता येत."

तिला राग आला तो यासाठी, की तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. ती तडक रानात गेली. एक रोप उपटलं, मुळावरची गाठ विळ्यावर कापली. आत लाल. खरं सांगायचं तर ती घाबरली.

येताना न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला चवळीचा वेल दिसला. काय मनात आलं कोण जाणे, तिने एक वेल उपटला. त्याच्याही मुळावर गाठी. कापली, आत तसाच लाल. या वेलाच्या शेंगांची भाजी घरात सगळ्यांनी खाल्ली होती, कुसाबाईकडे तर वाटीभर गेली होती, आणि कुसाबाई चांगली ठणठणीत होती. सिंधुबाईला हसू फुटलं.

दोन्ही मुळं पदराखाली घेऊन ती शाळेत गेली. सरिताबाई नाशिकहून एसटीने येऊन गावच्या शाळेत शिकवत. त्यांनी गाठी कापून पाहिल्या आणि वर्गातल्या बाकावरच बसल्या.

"दरवर्षी शिकवते हे. गाठी कापून आज पहिल्यांदा पाहिल्या," त्या म्हणाल्या. "सिंधूकाकू, या गाठींत जिवाणू असतात. तुम्ही बियाला चोळले तसलेच. मातीतही ते आपोआप असतात. चला, गावाला चवळी दाखवू."

"चवळी माझ्याच परसातली, बाई. म्हणतील, तीबी बाधली. आपल्याला सोवळं रान पाहिजे. मठाचं."

मठाला रान होतं. महाराजांना आठवड्यात चार उपास आणि उपासाला दाणे लागत, म्हणून भक्तांनी भुईमूग पेरून दिला होता. दुसऱ्या दिवशी सिंधुबाई पदर डोक्यावरून घेऊन मठात गेली. "महाराज, चूक झाली. गोठा झाडायची सेवा द्या." महाराज खूश झाले. इतकी तिखट बाई इतक्या लवकर नरमली, यात काही काळंबेरं असेल अशी शंकाही त्यांना आली नाही. अंतर्ज्ञानी होते ना.

गोठ्यात चार गाई होत्या. गव्हाणीत हिरवागार पाला, आणि पेंढ्यांना फकिराच्या बायकोच्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या चिंध्या बांधलेल्या. भर उन्हाळ्यात अख्ख्या शिवारात ओल्या चाऱ्याची काडी नव्हती, आणि इथे गाई फकिराचा शाप रवंथ करत होत्या. दुधाचे कॅन दारात टेम्पोची वाट पाहत होते. सिंधुबाईने गोठा झाडला, दोन चिंध्या कमरेला खोचल्या आणि जाताना भुईमुगाची चार रोपं उपटली.

अमावास्येला पुन्हा पार भरला. सरिताबाईंच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मुळांच्या दोन जुड्या होत्या. धुतलेली नुसती मुळं. वरचा पाला छाटलेला.

"महाराज," सिंधुबाई हात जोडून म्हणाली, "उपटायला हात उचलंना. आधी सगळ्यांसमोर एक सांगा. ज्याच्या मुळात रक्त, ते रान उपटायचं, मग ते कोणाचंबी असो?"

"कोणाचंबी असो. देवाचं असलं तरी."

"मग या दोन्हींतलं जास्ती बाधलेलं कोणतं, ते दाखवा. तेवढं आधी उपटते."

महाराजांनी डोळे मिटले, दोन्ही जुड्यांवरून मोरपीस फिरवलं आणि डावीकडची उचलली. गाठी चिरडल्या. रुमालावर डाग उमटला. "हरे राम. असली बाधा सात पिढ्यांत पाहिली नाय. हे ज्याच्या रानातलं असंल, त्याच्या घरात सैतानाचा वास हाय."

सरिताबाईंनी पिशवीतून छाटलेला पाला काढला आणि मुळाच्या बुडख्याला जोडून दाखवला. दोन्ही जुड्या भुईमुगाच्याच होत्या. भुईमूग ओळखायला शेतकऱ्याला चष्मा लागत नाही. महाराजांनी मात्र शेंगा आजवर पोत्यातच पाहिल्या होत्या.

"मठाच्या मागच्या रानातला हाय," सिंधुबाई म्हणाली. "उपासाचा."

सगळ्यांच्या माना महाराजांकडे वळल्या. पण गेणू टेम्पोच्या धंद्यातला. ब्रेक फेल झाला तरी स्टिअरिंग सोडायचं नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने एकदम बोट रोखलं. "बघा, बघा. हिनं मठात पाय ठेवला आन् माझं रान बी बाधलं. अजून पुरावा पाहिजे का, ही काय हाय याचा?"

गर्दी हलली. रावजीने बायकोचा हात घट्ट धरला. त्या क्षणी दोन-चार जणांनी दगड उचलला असता, तर इतरांनी डोळे मिटून घेतले असते. सिंधुबाईला ते दिसलं.

सरिताबाई पारावर चढल्या. "ठीक आहे. त्यांनी मठात पाय ठेवला, मठ बाधला. तुमच्या घरात तर नाही ना ठेवला? जा, आपापल्या परसातली चवळी आणा, वाल आणा, मेथी आणा. आणि कांद्याचं एक मूळही आणा. कापा तुम्हीच. मी हात लावत नाही."

लोक घुटमळले. मग पोरं पळाली, मागून बाया, शेवटी बाप्ये. थोड्या वेळात पारावर मुळांचा ढीग झाला आणि जो तो विळा घेऊन बसला. कांद्याच्या मुळांना गाठच नव्हती. सहादूच्या चवळीची गाठ लाल. कुसाबाईने आपला वाल कापला आणि बोटाला लागलेला लाल रंग लुगड्याला पुसायला लागली.

"पुसू नको, कुसा," सिंधुबाई म्हणाली. "दाखव सगळ्यांना. आता एक तर अख्खं गाव भुताळी, नायतर कोणीच नाय. तू बोल, काय धरायचं?"

कुसाबाई विळा ठेवून गर्दीत मागे सरली. सिंधुबाईने तिला माफ केलं नाही, आणि का करावं?

सरिताबाईंनी मग समजावलं. आपल्या रक्तात लाल द्रव्य असतं, त्याचंच चुलत भावंड या गाठींत असतं. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून रोपाला खाऊ घालतात. आतून लाल गाठ म्हणजे जिवाणू कामावर हजर. शेंगा तोडल्यावर पाला आणि मुळं रानात गाडली, तर पुढच्या भातालाही त्यातलं काही मिळतं. "म्हणजे हे रक्त मायनं गाळलेलं नाही. तिला वाढलेलं जेवण आहे."

सिंधुबाईने कमरेच्या चिंध्या काढून पारावर ठेवल्या आणि फकिराचा मूग गोदावरीत न जाता कुठे गेला, ते सांगितलं. हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "गेणू, देवाचं रान उपटायला कवा येऊ?" गेणू तोवर गर्दीतून वाट काढत रस्त्याला लागला होता. पिंपळगावकडे जाणारा टेम्पो त्याला हात न करताच थांबला, म्हणे. क्लीनरची सवय दिसते लांबून.

फकिरा हसत नव्हता. त्याने बायकोच्या लुगड्याची चिंधी उचलली. "सगळं रान नेलं माझं," तो म्हणाला. "आन् मला नारळ दिला. म्या घरी नेऊन पुजला."

त्याचं रान उघडं पडलं होतं, आणि नवी पेरणी करायला पावसाआधी वेळ उरला नव्हता.

"माझ्या दारात बी चवळी हाय," फकिरा म्हणाला. "एक मूळ कापून पाहायचं होतं फक्त."

वाचकहो, फकिरा मूर्ख नव्हता. त्याने डोळ्यांनी पाहिलं त्यावर विश्वास ठेवला, चूक एवढीच की एकदाच पाहिलं, आणि तेही दुसऱ्याच्या हातात. उद्या तुमच्या गावात कोणी रुमालावर रक्त दाखवलं, तर पाया पडण्याआधी त्याला थांबवा. म्हणा, शेजारच्या रानातलंही एक मूळ आणू, आणि या वेळी आम्ही कापू. तो रागावेल, शाप देईल, निघून जाईल. जाऊ द्या. तुमचं रान तरी जागेवर राहील.