गुणकीर्तीचं पान

भूपाल मगदूम सर एकतीस वर्षं एकाच वाक्यावर जगले होते. 'समतादीप' ही प्राकृत पोथी गुणकीर्ती मुनींनी बाराव्या शतकात रचली. पोथीच्या शेवटच्या ताडपत्रावर नाव होतं, साल होतं, आणि ते पहिल्यांदा वाचलं सरांनी. आता त्यांचीच विद्यार्थिनी, कबनूरची क्रांती, उद्या भरल्या सभेत सांगणार होती की रचना त्याहून निदान तीनशे वर्षं जुनी आणि कर्ता अज्ञात. नवव्या शतकातल्या एका टीकाग्रंथात तिला याच पोथीतल्या गाथा सापडल्या होत्या.

सरांच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर औषध नव्हतं. जिला जुनी कन्नड लिपी बोट धरून शिकवली, तिचं नाव फलकावर आणि आपण खाली बसून टाळ्या वाजवायच्या? तिची चूक काढायचीच, म्हणून ते ग्रंथभांडारात जाऊन थडकले.

क्रांती तिथंच होती. तिनं पोथी पुढ्यात ठेवली.

"सर, पानांची दोन-दोन भोकं बघा की. दोरी ओवलेलं एक जुळतंय, पण शेवटच्या पानाचं दुसरं जुळत न्हाई. हे पान शेजारच्या पोथीचं हाय. तिचं शेवटचं पान गायब हाय, आणि तिथं हे बरोबर बसतंय."

सरांनी पट्टी लावली, पुन्हा लावली. बोटभर फरक. मग त्यांना आठवलं आणि कानशिलं तापली. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात दोन्ही पोथ्या सोडून, कीड लागू नये म्हणून पानांना गवती चहाचं तेल लावून त्यांनी एकाच चटईवर वाळत घातल्या होत्या. वाचायची घाई झालेली. पानं गोळा करून दोऱ्या त्यांनीच ओवल्या होत्या.

"पान इकडं कुणी घातलं, ते लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"पूर्वी कधीतरी सरमिसळ झाली, एवढंच लिहिलंय."

सरांचा जीव भांड्यात पडला. ती गेल्यावर त्यांनी भांडार सांभाळणाऱ्या ज्ञानूकडं त्या वर्षाची जुनी नोंदवही मागितली.

"मॅडमनी महिन्यापूर्वीच बघितली की," ज्ञानू म्हणाला. "तुम्ही तेल लावल्याली नोंद वाचली, वही मिटली आणि गप बसून राहिल्या."

सर वही न उघडताच खाली बसले. तिच्या जागी आपण असतो तर नावानिशी, तारखेनिशी छापलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती विद्येत पुढं गेली, ते एक वेळ गिळता आलं असतं. हे नाही.